शुश्रूषेची नोंदवही

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सर्वांना ठाऊक आहे. तिचे तक्ते फारसे कुणी पाहिलेले नसतात. क्रिमियन युद्धात किती सैनिक जखमांनी दगावले आणि किती टाळता येण्याजोग्या रोगांनी, हे तिने १८५८ साली आकृत्या काढून दाखवले. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतले. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. तरीही इथल्या छावण्यांतून मागवलेली माहिती तिने चाळली आणि गोऱ्या फौजेतील दर हजारी ६९ हे वार्षिक मृत्युमान इंग्लंडच्या राज्यकर्त्यांपुढे ठेवले. तिच्या लेखी शुश्रूषा आणि मोजणी ही एकच विद्या होती.

पुढे तिच्या नावाने देशोदेशी नर्सिंगच्या शाळा निघाल्या. त्यांनी गणवेश घेतला, शिस्त घेतली, डॉक्टरांची आज्ञा पाळणे घेतले. मोजणी मागे पडली. अमेरिकेत परिचर्या-संशोधनाला वाहिलेले नियतकालिक निघायला १९५२ साल उजाडले. व्हर्जिनिया हेंडरसन आणि लिओ सिमन्स यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तो १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे, की बहुतेक अभ्यास परिचारिकांविषयी आणि त्यांच्या शिक्षणाविषयी आहेत. रुग्णाच्या शुश्रूषेविषयी थोडेच.

याच सुमारास लंडनमध्ये डोरीन नॉर्टन ही परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा अभ्यास करत होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वॉर्डावॉर्डांत नाना द्रव्ये चोळली जात. १९६२च्या अहवालातून पुढे आले, की चोळण्यापेक्षा ठरावीक वेळाने कूस बदलणे अधिक उपयोगी. जखमेचा धोका आधीच ओळखता यावा म्हणून पाच बाबींची गुणपट्टीही तिथेच तयार झाली: शारीरिक अवस्था, मनाची अवस्था, हिंडणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण. ही पट्टी वापरायला यंत्र लागत नाही, नजर लागते.

आपल्याकडे भोर समितीने १९४६ साली हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले. १९५९ साली दिल्लीत पदव्युत्तर वर्ग निघाला. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४चे. पदव्युत्तर पदवीसोबत प्रबंध आला आणि प्रबंधासोबत मार्गदर्शकही. अडचण इथेच आहे. मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी स्वतः बहुधा एकच संशोधन केलेले असते, तेही पदवीपुरते. मग त्याच साच्यातले विषय पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात: प्रश्नावली द्या, एक पाठ घ्या, तीच प्रश्नावली पुन्हा द्या. गुण वाढतातच. रुग्णाच्या पाठीला मात्र त्याने काही फरक पडत नाही. हेंडरसनबाईंचा निष्कर्ष आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांतूनही निघेल.

याचा दोष एकट्या शिक्षिकेवर टाकता येणार नाही. कॉलेज वेगळे आणि रुग्णालय वेगळे, अशी विभागणी आपण केली. शिकवणारी वॉर्डात जाते ती विद्यार्थिनींना घेऊन, तासापुरती. वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला लिहायला उसंत नसते. संख्याशास्त्राची दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन ही दरी बुजत नाही. शिक्षिकेने आणि सिस्टरने मिळून एक प्रश्न उचलावा, तो काही वर्षे सोडू नये आणि उत्तर आले की वॉर्डातली रीत बदलावी. संशोधनाचे कौशल्य असे हाताला लागते.

प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. रात्रपाळीच्या चार्टवर कूस किती वेळा बदलल्याची नोंद आहे आणि प्रत्यक्षात ती किती वेळा बदलली गेली, एवढे एखाद्या कॉलेजने वर्षभर प्रामाणिकपणे मोजले, तरी कपाटातल्या पुष्कळ प्रबंधांपेक्षा ते काम रुग्णाच्या अधिक उपयोगी पडेल.