ट्रामचे शब्दावशेष

मुंबईंत आणिक आगारांतील बेस्टचें संग्रहालय प्रस्तुत लेखकानें नुकतेंच पाहिलें. तेथें जुनीं तिकिटें, तिकीटयंत्रें, बस-ट्रामच्या प्रतिकृती आहेत. ता. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडें तीन आणे. तिकीट मात्र आरंभीं देत नसत, ही संशोधकास चुटपुट लावणारी गोष्ट. ता. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजीं बस. असो.

माझें लक्ष वेधलें तें एका अक्षरानें. १९०५ सालच्या कंपनीच्या नांवांतील 'टी' म्हणजे ट्रामवेज. १९४७ सालीं महापालिकेनें ती कंपनी घेतली, तेव्हां तोच 'टी' ट्रान्सपोर्ट झाला. ट्राम तर ३१ मार्च १९६४ पर्यंत धावत होती! केवळ नांवावरून ट्रामचा अंत १९४७ सालीं ठरविणारा सोळा-सतरा वर्षांनीं चुकेल. आपण शिलालेखांतील बिरुदांवरून असेंच काळ ठरवितों.

उलट दादरचें पाहावें. शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरासच गेली. तेथील ट्राम टर्मिनस उठलें. चौकाचें नांव खोदादाद सर्कल. तरी लोकांच्या तोंडीं 'दादर टीटी'च. यौगिक शब्द रूढ झाला, अवयवार्थ लोपला. हा पुरावा प्रमाण मानणारा ट्राम अद्याप चालू आहे असेंच म्हणेल.

परततांना मीं वाहकाकडे 'दादर टीटी' मागितलें. त्यानें निमूट तिकीट दिलें. टीटी म्हणजे काय, असें शेजारच्या विद्यार्थ्यास विचारलें. "स्टॉपचं नाव," तो म्हणाला.