महाद्वाराबाहेरची फुले

बहुतेक देव भक्ताला डोंगर चढायला लावतात. तुळजापूरची भवानी मात्र त्याला पायऱ्या उतरायला लावते. महाद्वारापाशी उभे राहिले की देऊळ समोर दिसत नाही, खाली कुठेतरी असल्याचे जाणवते, आणि माणसांचा लोंढा त्या खोलगटाकडे ओढला जात असतो. ह्या उंबरठ्यावर रेंगाळत माणसे पाहण्याचा मला जुना छंद आहे. दर्शनाइतकेच पुण्य त्यात आहे, असे मी घरच्यांना सांगत आलो आहे. त्यांना ते पटलेले नाही.

एका नवरात्रात असाच उभा असताना एक नवविवाहिता वहाणा काढून ठेवीत होती. केसांत मोगऱ्याची वेणी, उन्हाने मलूल झालेली. गळ्यात नुकतीच दुकानातून घेतलेली कवड्यांची माळ. आणि वहाणेच्या पट्ट्यावर तांबड्या कातड्याचे फूल. पातळ कातड्याला बारीक चिरा पाडून, गुंडाळून, मध्यभागी पितळी टिकली बसवलेला गोंडा. तिन्ही फुलेच म्हणायची. पहिले झाडाचे, दुसरे समुद्राचे, तिसरे जनावराच्या कातड्याचे. पहिली दोन तिच्याबरोबर पायऱ्या उतरून गेली. तिसरे ढिगात राहिले. ह्यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल. पायातली वस्तू देवळात कशी न्यावी? पण तिन्हींत सर्वांत अधिक हात ज्याला लागले होते ते तिसरेच होते, आणि तेवढ्यावरून माझे मन ह्या हातच्या फुलांच्या मागे लागले.

हाताने घडवलेल्या फुलांचा शोध ह्या जिल्ह्यात घ्यायचा तर आधी तेरला गेले पाहिजे. गोरोबाकाकांचे तेर म्हणून आपण ते ओळखतो, पण गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षे ते तगर नावाने ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होते. ‘पेरिप्लस’ ह्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे म्हटले आहे, आणि तेथून जाडेभरडे कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई, असेही नोंदले आहे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे फ्लीटने १९०१ साली दाखवून दिले. तेथे १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पांढरीच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावातच गोळा करून ठेवल्या होत्या, म्हणून तेरचे संग्रहालय उभे राहिले.

त्या संग्रहालयातल्या मातीच्या लहान लहान स्त्रीमूर्ती मी पुष्कळ वेळ पाहिल्या आहेत. दोन साच्यांत दाबून केलेल्या, पांढऱ्या मऊ मातीच्या, सातवाहनकाळातल्या. एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे. पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची ती बहीण शोभते. माझे लक्ष मात्र ह्या साऱ्याजणींच्या केशरचनेकडे जाते. डोक्यावर इतका भरगच्च साज, इतकी फुलांच्या घाटाची नक्षी, की हे खरे फूल, की सोन्याचे, की कापडाचे, हे सांगता येऊ नये. जे नगर गाड्या भरभरून मलमल बाहेर पाठवीत होते तेथे कापडाच्या चुण्या पाडून फूल करणे कोणाला सुचले नसेल, असे मला वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क. कापड मातीत टिकत नाही, त्यामुळे पुरावा मागणाऱ्याला मी निरुत्तर आहे.

वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत माळा गुंफणे, मस्तकावर फुलांचे शेखर बांधणे आणि सुईकाम ह्या तीन वेगवेगळ्या कला मानल्या आहेत. नागर स्त्रीपुरुषांना त्या यायला हव्यात. त्या यादीत कातडे नाही. शुक्रनीतीच्या यादीत मात्र आहे. जनावराचे कातडे सोडवणे आणि ते मऊ करणे ह्यांना तिथे चक्क कला म्हटले आहे. एका पंडिताने वगळले ते दुसऱ्याने घेतले. गावगाड्याने कोणाचे ऐकले ते आपण जाणतोच.

आता कवडी. ती इथली नव्हेच. समुद्र ह्या बालाघाटापासून शंभर कोसांहून दूर, आणि कवड्यांचे मोठे आगर तर मालदीवची बेटे. तिथून ती किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरून देशावर आली ती नाणे म्हणून. एकोणिसाव्या शतकापर्यंत हिंदुस्थानच्या कित्येक भागांत तिने सुट्या पैशाचे काम केले. पुढे राजमुद्रेच्या तांब्याने तिला बाजारातून हाकलले, आणि भाषेत ती ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ होऊन राहिली. बाजारात हिणकस ठरलेली ही वस्तू देवीच्या दारात मात्र टिकली. दगडावर घासून तिची पाठ काढतात, म्हणजे दोरा ओवायला वाट होते. मग माळ. आराधी आणि गोंधळी ह्यांच्या गळ्यात ती पडली की मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागणे आले. मी पाहिलेल्या आराधिणींत विधवा कितीतरी होत्या. ज्या समाजाने त्यांच्या केसांतले फूल काढून घेतले त्याने गळ्यातल्या कवड्यांना हात लावला नाही, कारण ती माळ नवऱ्याच्या नावाची नव्हती. एका आराधिणीच्या अंगावर मी कवड्या कापडी पट्ट्यावर शिवलेल्या पाहिल्या होत्या, पाच कवड्या एका बिंदूभोवती, पाकळ्यांसारख्या. नळदुर्गाकडच्या तांड्यांतल्या लमाण बायकाही डोक्यावरच्या चुंबळीवर आणि पिशव्यांवर अशीच फुले शिवतात. ह्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सारे दख्खन पालथे घालीत. बाग लावायला एका जागी राहावे लागते. ते ज्यांच्या नशिबी नव्हते त्यांनी न कोमेजणारी फुले अंगावर वागवली.

लोकरीच्या आणि सुताच्या गोंड्यांविषयी थोडक्यात सांगतो. कोकणात झेंडूलाच गोंडा म्हणतात, म्हणजे नाव मुळात फुलाचे की फुलासारख्या वस्तूचे, हा वाद घालायला जागा आहे. आमच्याकडे श्रावणी अमावास्येला पोळ्याच्या दिवशी बैलाच्या कपाळावर रंगीत गोंडे झुलतात. एरवी माणसाच्या अंगावर ते बाळाच्या कुंचीला नाहीतर मुलीच्या वेणीच्या टोकाला दिसतात. ह्या फुलाला मज्जाव कुठेच नाही. लोकर सोवळ्यात चालते, मग तिचे फूल का चालू नये?

राहिले कातड्याचे फूल. त्यासाठी मी तुळजापूरच्या वाटेवरच्या एका गावात एका म्हातारीला गाठले. सासरे आणि नवरा आयुष्यभर वहाणा शिवत आले. ‘वेणी’ आणि ‘गोंडा’ मात्र घरातल्या बायकांनीच करायचा. वेणी म्हणजे पट्ट्यावर बसवायची कातड्याच्या बारीक वाद्यांची वीण. बाजूला निघालेल्या पाळ्यांना ‘कान’ म्हणतात. गंमत पाहा, वेणी आणि कान हे सारे शब्द डोक्याचे, आणि वस्तू पायातली. हे शब्द ज्यांनी दिले ते आपल्या कामाला पायापुरते समजत नव्हते, एवढे उघड आहे.

म्हातारीने सांगितलेली हकिकत अशी. गावात त्यांचे मुख्य काम वहाणांचे नव्हतेच. ते होते विहिरीवरच्या मोटेचे. ढोरांनी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले जाड कातडे यायचे, त्याची मोट शिवायची, फाटली की सांधायची, आणि खळ्यावर बलुते घ्यायचे. मोटेतून उरलेल्या तुकड्यांत वहाणा, आणि वहाणांतून उरलेल्या चिंध्यांत गोंडा. गोंड्याला मात्र शेळीचे पातळ कातडे लागे, ते सणासुदीलाच मिळे. पुढे लोखंडी मोट आली, मग इंजिने आणि विजेचे पंप आले. मोट गेली, तिच्याबरोबर बलुतेही गेले. २०१५ साली गोवंश-हत्याबंदीचा कायदा अमलात आला आणि बैलाचे कातडे महागले. आता तिची सून रबरी तळ बाहेरून आणते आणि वर घरचा गोंडा बसवते.

मी तिला महाद्वारापाशी पाहिलेल्या फुलाची गोष्ट सांगितली. ती हातातली वादी दातांत धरून म्हणाली, “देवीला ह्ये चालत न्हाई, दादा. पर संबळ चालतो की!”

मी घरी येईपर्यंत आणि त्यानंतरही हे वाक्य घोळवत राहिलो. संबळाच्या तोंडावर कातडेच ताणलेले असते. त्याच्या नादाशिवाय गोंधळ उभा राहत नाही. पाकीट आणि कमरेचा पट्टा बाहेर ठेवून गाभाऱ्याकडे जाणारा भक्त त्याच नादावर माना डोलावतो. इतकेच कशाला, मृगाजिन पवित्र, व्याघ्राजिनावर तर स्वतः शंकर बसलेला. मुंजीत बटूच्या गळ्यात जानव्याबरोबर हरणाच्या कातड्याची पट्टी घालण्याची चाल होती. म्हणजे कातडे म्हणून कातडे अपवित्र नाही. ते पायात जाते म्हणून बाहेर राहते, हे एक कारण, आणि ते खरेही आहे. पण ते गावच्या मेलेल्या गुरांचे असते, आणि ते ओढून नेणाऱ्याला, कमावणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला आपण दाराबाहेर उभे केले होते, हे दुसरे. आपण पहिले कारण मोठ्याने सांगतो आणि दुसरे गिळतो. माणसावरची ती बंदी २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाने मोडली. तो निजामी राज्य बुडून जेमतेम सोळा महिने झाल्याचा काळ होता. वस्तूवरची बंदी कोणी मोडावी?

तसा एक प्रयत्न फार पूर्वी झाला होता, आणि तोही इथून जवळच. उमरग्याच्या पलीकडे बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे कलचुरी बिज्जळाच्या दरबारी मंत्री असलेल्या बसवण्णांभोवती शरणांचा मेळा जमला होता. त्यात कक्कय्या ढोर होता आणि हरळय्या चांभार. शरणांच्या परंपरेतली कथा अशी की, हरळय्याने वाटेत एकदा ‘शरणु’ म्हटले तर बसवण्णांनी त्याला दुहेरी वंदन करून उत्तर दिले. हे ऋण कसे फेडावे? हरळय्या आणि त्याची बायको कल्याणी ह्यांनी आपापल्या मांडीचे कातडे काढले आणि त्याच्या वहाणा केल्या. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत. त्या त्यांनी मस्तकावर ठेवल्या आणि परत केल्या. कथेत गोंड्याचा उल्लेख नाही, पण ज्यांनी स्वतःचे कातडे वापरले त्यांनी शिवण साधी घातली असेल असे मला वाटत नाही. पुढे ह्याच हरळय्याच्या मुलाचे लग्न मधुवरस ह्या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाले, आणि बिज्जळाने दोन्ही बापांना देहदंड दिला. कल्याणात रक्त सांडले, शरण पांगले. वहाण डोक्यावर ठेवणे लोकांनी सोसले. लग्न सोसले नाही.

परवापरवाच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. २०१८च्या डिसेंबरात कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. आपल्याकडचे चार म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर. ती रेघ सोलापुरापाशी थांबते. तुळजापूर तिथून पंचेचाळीस किलोमीटर, पण कागदावर रेघेच्या बाहेर. म्हातारीची वेणी तशीच, गोंडा तसाच, फक्त नाव लावायचा हक्क नाही. ह्यात कोणाचा कट आहे असे मी म्हणत नाही, रेघ कुठेतरी ओढावीच लागते. पण जी घराणी पिढ्यान्‌पिढ्या रेघेबाहेरच राहत आली त्यांना आणखी एक रेघ काय हसवणार, काय रडवणार! दुसरी गोष्ट, २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा ह्या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात ह्याच घाटाच्या वहाणा मिरवल्या आणि आरंभी त्या कुठल्या हे सांगितले नाही. ओरड झाली, मग सांगितले. मी ही बातमी म्हातारीला वाचून दाखवली. तिने एकच प्रश्न विचारला, “गोंडा व्हता का?” छायाचित्रात मला तो दिसला नाही. “मग कुणी का करंना,” ती म्हणाली.

निघताना तिने तांबडा गोंडा माझ्या हातावर ठेवला. पैसे घेईना. “वहाणंला लावा न्हाईतर वैनींच्या खणाला लावा, तुमचं तुमी बघा.” मी तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि तसाच तुळजापूरला आलो. महाद्वाराशी वहाणा काढल्या. सवयीप्रमाणे कमरेचा पट्टा काढून बरोबरच्या मुलाजवळ दिला. नंतर त्या लोंढ्याबरोबर पायऱ्या उतरू लागलो. गोमुख तीर्थापाशी पाय धुवायला वाकलो तेव्हा हात खिशाला लागला आणि तो गोंडा हाताला आला. मागून माणसे रेटत होती. खाली कुठेतरी संबळ सुरू झाला होता. मी हात बाहेर काढला, पाय धुतले आणि पुढे निघालो.