दिसतंय म्हणणाऱ्याची नजर कोण तपासणार?

मंडळी, कोरोनात ऑफिसच्या दारात कपाळावर 'गन' रोखायचे, आठवतंय ना? मी एप्रिलच्या उन्हातून तापून आलेलो आणि आकडा ९४ फॅरनहाइट! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, की उष्णता मोजणारं यंत्र तपासतं कोण? गन वेगळी, थर्मल कॅमेरा वेगळा, हे मान्य. पण कॅमेऱ्याचा इतिहास वाचला आणि चाटच पडलो. लाखमोलाचं हे यंत्र वर्षानुवर्षं माणसाच्या नजरेवर पास-नापास व्हायचं.

मूळ १९५८ सालात. अमेरिकेत फोर्ट बेल्व्हॉरच्या लष्करी प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सनने रात्री पाहायच्या यंत्रांसाठी हिशेब मांडला. समोर काहीतरी आहे एवढं कळायला काळ्या-पांढऱ्या रेघांची साधारण एक जोडी सुटी दिसावी लागते, रणगाडा की ट्रक हे कळायला चार.

पुढे थर्मल कॅमेऱ्यांसाठी चार पट्ट्यांची चाचणी रूढ झाली. गरम पत्र्यापुढे चार लांबट खाचांची पट्टी ठेवायची, तापमानातला फरक हळूहळू वाढवायचा आणि पडद्यासमोरच्या माणसाने "आता चारही सुट्या दिसल्या" म्हणायचं. मग बारीक खाचा, पुन्हा तेच. तासन् तास. माणूस बदलला की उत्तर बदलायचं. तोच माणूस दमला तरी बदलायचं. आणि विकणाऱ्याचा सरावलेला गडी लवकर "हो" म्हणाला तर? सैनिकाच्या जिवाचा प्रश्न, राव.

म्हणून संगणक आणला. कॅमेऱ्याचा सिग्नल थेट घ्यायचा, चित्रातली खरखर किती आणि कडा किती स्पष्ट ते मोजायचं आणि त्यावरून नजरेचं उत्तर गणिताने काढायचं. पण गंमत बघा, त्या सूत्रातला एक स्थिरांक माणसांना पट्ट्या दाखवूनच ठरवावा लागतो. नजर दारातून घालवली, ती खिडकीतून आत आली!

१९९८ मध्ये डच संशोधक बेल आणि व्हालेटन यांनी वेगळी शक्कल लढवली. पट्ट्यांऐवजी त्रिकोण. टोक वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, ते सांगायचंच. नेत्रशिबिरातला तो E चा तक्ता आठवा. नुसतं "दिसतंय" म्हणून सुटका नाही, थाप लगेच पकडली जाते. शिवाय या प्रश्नाचं उत्तर बरोबर की चूक, हे संगणकालाही ठरवता येतं.

आमच्या त्या गनवाल्या वॉचमनला तेव्हा विचारलं होतं, "ही तपासून घेतलीय का रे?"

"हो साहेब, कालच सेल बदललेत."