पाव तोळ्यापासून पन्नास ग्रॅमपर्यंत

बडोद्यातील आपल्या जुन्या घरांतून जे पत्रसंग्रह अद्याप टिकून आहेत, त्यांतील एखादे पत्र हाती घेतले की प्रथम जाणवतो तो कागदाचा पातळपणा. समासात, पाठीमागे, मजकुराच्या आडवे, जिथे जागा सापडेल तिथे लिहिलेले असते. याला आपण पूर्वजांची काटकसर म्हणतो. पण त्या काटकसरीमागे टपालखात्याचा तराजू उभा होता. १८५४ च्या कायद्याने पत्राचा दर अंतरावरून न ठरता केवळ वजनावरून ठरू लागला : पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, पाव तोळा तीन ग्रॅमही भरत नाही. आज आपण सर्रास वापरतो तो ८० ग्रॅमचा ए-४ कागद एकटाच पाच ग्रॅम भरतो, म्हणजे तो अर्ध्या आण्यात पुण्यास पोहोचला नसता. पुढे मर्यादा वाढत गेली. सवय मात्र राहिली. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि ज्यांना थोडेच लिहावयाचे होते त्यांची वजनाची चिंता मिटली.

छापणाऱ्यांचा हिशोब निराळा, आणि अधिक फसवा. कागद पौंडावर ओळखला जाई. ‘चोवीस पौंडी’ म्हणजे ज्याचे ५०० तावांचे रीम २४ पौंड भरते तो. पण ताव केवढा? २० × ३० इंची डबल क्राउन असेल तर तो कागद चौरस मीटरला ५६ ग्रॅमचा निघतो. २३ × ३६ इंची डबल डेमी असेल तर जेमतेम ४१ ग्रॅमचा. नाव एकच, जाडी दोन. दशमान पद्धती आल्यावर चौरस मीटरच्या ग्रॅमचे माप हळूहळू रूढ झाले. तावाची लांबी-रुंदी इंचांत घेऊन गुणावी, त्यास ग्रॅमने गुणावे, ३१०० ने भागावे; रीमचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. डबल डेमी ७० ग्रॅमचे रीम या रीतीने १८.७ किलो येते. एवढे एक सूत्र पाठ असले की छापखान्याच्या बिलापुढे गोंधळण्याचे कारण नाही.

या वजनाचा भार वाचकावर पडू नये, असा विचार आपल्याच संस्थानात झाला. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना बडोद्यास आणले आणि त्यानंतर फिरत्या ग्रंथालयांची योजना सुरू झाली. लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगाव जात, आणि जाण्यायेण्याचा खर्च ग्रंथालयखाते सोसे. तीस पुस्तकांची पेटी धरली, तर प्रत्येकी पाव किलोच्या हिशोबानेही केवळ पुस्तके साडेसात किलो होतात, लाकूड वेगळे. हा खर्च गावाच्या माथी आला असता, तर कित्येक पेट्या मागवल्याच गेल्या नसत्या, असे आम्हांस वाटते.

याच ग्रंथालयखात्याने १९१२ साली ‘लायब्ररी मिसेलनी’ हे इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतील त्रैमासिक काढले. १८९८ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्राची सवलत मिळण्यास दोन अंकांतील अंतर ३१ दिवसांहून अधिक नसावे, अशी अट होती. मासिक त्यात नेमके बसते; त्रैमासिक बसत नाही. सावकाश विचार करून तीन महिन्यांनी लिहिणाऱ्याने अधिक टपालखर्च द्यावा, हा न्याय आम्हांस कधी उमगला नाही.

तो न्याय आमच्या पत्रिकेच्याही वाट्यास आला. आमचा ३२ पानी अंक म्हणजे डबल डेमीचा बरोबर एक ताव. छाटून झाल्यावर आतील पाने ३४ ग्रॅम, मुखपृष्ठ १०, लिफाफा ५, एकूण ४९. बुकपोस्टाचा पहिला टप्पा ५० ग्रॅमचा. उन्हाळ्यात तोलून आम्ही निर्धास्त झालो. २००४ च्या पावसाळी अंकाच्या कित्येक प्रती मात्र बैरंग ठरल्या आणि वाचकांना तुटीच्या दुप्पट पैसे मोजावे लागले. एका वयोवृद्ध वर्गणीदाराने अंक सोडवून घेतला आणि ती रक्कम पोस्टकार्डावर लिहून कळवली, अन्य एक शब्द नाही. चूक आमचीच होती. कागद हवेतील ओल शोषतो. पावसाळ्यात शेकडा तीन वजन वाढले तरी ४९ चे साडेपन्नास होतात.

कागद ६० ग्रॅमचा घ्यावा, अशी सूचना पुढे आली. नमुन्यादाखल काही पाने छापून पाहिली. पाठची अक्षरे पुढे उमटत होती, आणि आमचे बहुतेक वाचक साठीपलीकडचे. टपालाचे दोन रुपये वाचवण्यासाठी त्यांच्या डोळ्यांवर भार टाकणे आम्हांस मानवेना. अखेर लिफाफा गेला. त्याच्या जागी दोन्ही टोके उघडी असलेली कागदाची पट्टी आली, जी बुकपोस्टाच्या नियमास तशीही अधिक मानवे. वजन साडेपंचेचाळीसवर आले.

छापील पुस्तकांची जुनी बुकपोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आले. त्याचा पहिला टप्पा ३०० ग्रॅमचा, दर २० रुपये अधिक कर. मर्यादा मोठी झाली, दरही मोठा झाला. आमच्या कार्यालयातील काटा अद्याप टेबलावरच आहे, आणि पावसाळी अंक आला की त्यावर एक प्रत ठेवून पाहिल्याखेरीज आम्ही गठ्ठा सोडत नाही.