एका रात्रीची पथारी

बिलाच्या तळाशी एक ओळ होती: आंघोळीचा कर, १५० येन. मी ती दोनदा वाचली. राहण्याचे पैसे देऊन झाले, तरी अंगावर गरम पाणी घेतल्याबद्दल पुन्हा वेगळे पैसे? सोबतच्या जपानी सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, गरम पाण्याच्या गावांत हा असतोच, गावाची नगरपालिका घेते, झऱ्यांची देखभाल त्यातून होते. मग त्यानं सहज विचारलं, "तुमच्याकडे असे झरे आहेत का?"

मी म्हणालो, नाहीत.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, पलूसकडचा. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली आणि कंपनीनं आठ महिन्यांसाठी टोकियोला पाठवलं. तिथे मी तीनदा रयोकानमध्ये राहिलो. रयोकान म्हणजे जपानी पद्धतीची पांथशाळा: जमिनीवर गवताच्या चटया, संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात की कुणीतरी येऊन गादी घालून जातं, आणि गरम पाण्याच्या गावात असेल तर खाली एक मोठा हौद. पहिल्यांदा अख्ख्या टीमला कंपनीनं नेलं होतं. माणशी ३२ हजार येन, जेवणात चौदा वाट्या-बशा, आणि मी शाकाहारी नसूनही त्यातल्या निम्म्या पदार्थांना काय म्हणायचं ते कळलं नाही. दुसऱ्यांदा मित्रासोबत, १४ हजारांत. तिसऱ्यांदा एकटा गेलो, उत्तरेकडच्या तोहोकू भागात. साडेचार हजार येन, म्हणजे तेव्हाच्या भावानं अडीच हजार रुपये, जेवण नाही. लिहायचं आहे ते या तिसऱ्याबद्दल.

लाकडी इमारत, चालताना करकरणारी. मजल्यावर सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. शेगडीला पेटी लावलेली, दहा येनचं नाणं टाकलं की काही मिनिटं गॅस पेटतो. तिथे एक सत्तरीपुढचं जोडपं होतं. त्यांनी घरून तांदूळ आणला होता, मिसो आणलं होतं, मुळ्याचं लोणचं आणलं होतं. आठवडाभर राहणार होते. दिवसातून तीन वेळा पाण्यात उतरायचं, मधल्या वेळात झोपायचं. आजोबांचे गुडघे दुखत होते. आजीनं मला लोणच्याची फोड दिली आणि मी चटणीची पुडी काढली. ती त्यांना झेपली नाही.

या राहण्याला तिकडे तोजी म्हणतात, पाण्यानं उपचार. सात दिवसांचा एक फेरा, असे तीन फेरे पूर्ण करायचे, अशी जुनी रीत. शेतकरी सुगी उरकली की तांदळाचं गाठोडं पाठीवर टाकून डोंगरात जायचे. एदो काळात, म्हणजे आपल्याकडे शिवकाळापासून पेशवाई संपेपर्यंत आणि त्याही पुढे, सामान्य जपानी माणसाला गाव सोडायला परवाना लागायचा. देवदर्शन आणि उपचार या दोन कारणांना तो मिळायचा. त्यामुळे बरीच माणसं भाविक झाली आणि बऱ्याच जणांचे गुडघे दुखू लागले, असा माझा अंदाज आहे.

तेव्हाच्या मोठ्या रस्त्यांवर मुक्कामाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. एदो ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावर ५३ ठाणी होती. सरदार उतरायचे ते होनजिन, तिथे पैसे असले तरी साध्या माणसाला जागा नाही. त्याखाली हातागो, म्हणजे दोन वेळच्या जेवणासह खोली. आजचं रयोकान पुष्कळसं याचंच वाढलेलं रूप. आणि सगळ्यात खाली किचिन-यादो. नावाचा अर्थच सरपणाचे पैसे. छप्पर आणि चूल त्यांची, शिधा तुमचा. तुम्ही फक्त लाकडांचे पैसे द्यायचे. दहा येनची ती शेगडी बघताना मला हेच दिसत होतं. यामानाशी प्रांतातली एक पांथशाळा सन ७०५ पासून चालू आहे, जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून तिची गिनेसमध्ये नोंद आहे. आपल्याकडे तेव्हा बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

त्या रात्री घरी व्हिडिओ कॉल लावला. पप्पांना स्वयंपाकघर दाखवलं, म्हातारा-म्हातारी दाखवली. पप्पा बघत राहिले. मग म्हणाले, "आज्जा असाच जायचा की रं. उन्हाळ्याला."

उन्हाळा म्हणजे ऋतू नव्हे. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोली-खेडकडची उन्हवरे ही गावांची नावंच त्यावरून पडली आहेत. संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी आणि आरवली, महाडजवळ सव, वर ठाणे-पालघरकडे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर ही रांग आहे. जपानात पुष्कळ ठिकाणी खाली ज्वालामुखीचा जाळ असतो, आपल्याकडे तसं नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. काही ठिकाणी सत्तर अंशांच्या आसपास. जपानचा १९४८ चा कायदा २५ अंशांच्या पाण्यालाही ओनसेन म्हणतो. त्या हिशेबात आमची उन्हाळी कुठल्या कुठे जातील.

म्हणजे मी सहकाऱ्याला खोटं बोललो होतो. झरे होते. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरला की एका दिवसाच्या अंतरावर होते.

आज्जाचे सांधे धरले होते. सत्तरच्या दशकात तो दर वर्षी ऊसतोड संपली की एसटीनं जायचा, सोबत तांदूळ, चटणी, स्टोव्ह, तांब्या. पाच-सहा दिवस. मी पप्पांना विचारलं, "राहायचा कुठं?"

"वडाखाली. धर्मशाळा होती. पण आपल्याला नव्हती."

आम्ही बौद्ध आहोत. आज्जाच्या वडिलांपर्यंत महार.

त्यानंतर टोकियोत शनिवार-रविवार मी हेच वाचत बसलो. ब्रिटिशांच्या गॅझेटिअरचा सातारा खंड १८८५ चा आहे, तो आता फोनवर वाचता येतो. त्यात रस्ते, पूल, नदीवरच्या नावा यांच्यासोबत मुक्कामाच्या जागांचीही नोंद आहे. प्रवासी बंगले वेगळे, धर्मशाळा वेगळ्या. बंगला म्हणजे साहेबासाठी, दिवसाचं भाडं ठरलेलं, खानसामा हजर. धर्मशाळा फुकट. दगडी ओवऱ्या, तीन दगडांची चूल, जवळ विहीर किंवा नदी. ती बहुधा कुणीतरी पुण्य म्हणून बांधलेली असायची. वाईत रास्त्यांनी घाट आणि देवळं उभी केली, माहुलीला संगमावर देवळं आहेत, आणि गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कृष्णाकाठी कन्यागताची गर्दी होते. एवढी माणसं कुठेतरी निजणार, म्हणून ओवऱ्या. तरीही पुण्याची कल्पना बांधणाऱ्याच्या हिशेबानं चालायची. कुणाच्या पाठीला ती ओवरी लागली की पुण्य वाढतं आणि कुणाच्या पाठीला लागली की बाटतं, हे त्याच्या मनात पक्कं असायचं.

साताऱ्यात मुक्कामाची आणखी एक तऱ्हा उगवली, तीही आजारपणातूनच. १८२४ मध्ये कर्नल पीटर लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढला. चार-पाच वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेतली, बदल्यात खंडाळा गाव दिलं. तिथे आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम झालं, पेठेला माल्कमचं नाव लागलं, मग बंगले आले, क्लब आला आणि मुंबई सरकार उन्हाळ्यात तिथूनच कारभार हाकू लागलं. गंमत बघा: एकाच डोंगराच्या डोक्यावर थंड हवा आणि पायथ्याला गरम पाणी. साहेबाला थंडी हवी होती, म्हणून घाटमाथ्यावर हॉटेलांचं गाव वसलं. पाणी तसंच वाहत राहिलं.

मुक्कामाच्या इतिहासातली सातारा जिल्ह्याची सगळ्यांत मोठी रात्र मात्र महाबळेश्वरची नाही. ती १९०१ सालची, मसूर ते कोरेगाव रस्त्यावरची. बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात सांगितली आहे. शाळेत धडा म्हणून नुसती ऐकली होती, आता नकाशा उघडून वाचली. वडील दुष्काळी कामावर खजिनदार, मुलांना त्यांनी भेटायला बोलावलं. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुलं साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरली. नवे कपडे, खिशात पैसे. वडिलांना पत्र पोचलं नव्हतं, न्यायला कुणी आलं नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा नूर बदलला, गाडीवाले नाही म्हणाले. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्री टोलनाक्याच्या झोपडीशी थांबले. डबे भरलेले होते, पाणी नव्हतं. मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. भरल्या डब्यांशेजारी मुलं उपाशी झोपली.

मिरजेहून पुण्याला जाताना मसूर स्टेशन आजही लागतं. मी त्या गाडीनं शंभरदा तरी गेलो असेन, एकदाही खिडकीतून बघितलं नाही.

दुप्पट भाडं देऊन मुलांनी काय विकत घेतलं? बसायला जागा आणि स्वतः बैल हाकायची सोय. मी रयोकानच्या ॲपवर दर लावून यादी बघत होतो, स्वस्त ते महाग. तिथे किंमत हा एकच रकाना असतो. याच लिखाणात बडोद्याचाही प्रसंग आहे. १९१७ साली अमेरिकेतून शिकून आलेल्या बाबासाहेबांना खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमात त्यांनी पारशी नाव सांगून रजिस्टरमध्ये नोंद करवली, राहण्या-जेवणाचे रोज दीड रुपये. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले.

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. त्या यादीत धर्मशाळा हा शब्द आहे. त्याच ठरावाच्या आधारानं महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला ते पाणी प्रत्यक्ष प्यायलं गेलं. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना अशी नावं आहेतच, शिवाय तिथली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला आहे. कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की भांडं कुठे अडतं.

आज्जा वडाखाली झोपत होता तेव्हा या कायद्याला पंधरा-वीस वर्षं झाली होती. पप्पा म्हणतात, त्याला कुणी नाही म्हटलंच नाही. त्यानं विचारलंच नाही. तांब्या घरून न्यायचा.

मग उन्हाळ्यांभोवती रयोकान का झाली नाहीत? कोकणात रस्ते नव्हते, गरिबी होती, ही कारणं आहेतच. पण मला वाटतं, आपल्याकडे झऱ्याशेजारी देऊळ आलं आणि पाणी तीर्थ झालं. तीर्थाला एक रात्र पुरते. आणि पाणी पवित्र ठरलं की ते कुणी शिवायचं हा प्रश्न लगेच उभा राहतो. जपानातही झऱ्यांवर देवळं आहेत, पण तिथल्या गावानं पाहुण्याला सात-सात दिवस ठेवून घेण्याचा धंदा केला आणि धंद्याला गिऱ्हाईक लागतं. सगळं श्रेय धंद्याला देऊ नये, हे मलाही कळतं.

कारण त्या तोहोकूच्या आजोबांनीच मला कुमामोतोची गोष्ट सांगितली. कुष्ठरोग्यांना जपाननं अनेक दशकं कायद्यानं कोंडून ठेवलं. तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला, २००१ मध्ये कोर्टानं सरकारला दोषी धरलं. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये कुमामोतो प्रांताच्या प्रशासनानं पूर्ण बऱ्या झालेल्या वृद्धांची सहल काढली आणि गरम पाण्याच्या एका हॉटेलात खोल्या घेतल्या. हॉटेल म्हणालं, बाकीच्या पाहुण्यांना अडचण होईल. बातमी फुटली. हॉटेलची माफी या लोकांनी नाकारली, तर देशभरातून शिव्यांची पत्रं आली ती त्यांनाच. पुढच्या वर्षी ते हॉटेल बंद झालं. आजोबा हे भाषांतराच्या ॲपमधून सांगत होते, ॲप मध्येच चुकीचे शब्द टाकत होतं, पण पत्रांचा भाग बरोबर समजला.

परत आल्यावर जानेवारीत मी आई-पप्पांना घेऊन कोकणात उतरलो. लॉज ऑनलाइन बुक केलं होतं, १,४०० रुपये, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. गरम पाण्याच्या झऱ्यापासून दोनशे मीटरवर गिझरचं गरम पाणी, तेही दोन तास. काउंटरवरच्या पोरानं आधार कार्ड मागितलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं. पप्पांनी आडनाव लिहिलं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात. पोरानं बघितलंही नाही. त्याला गाडीचा नंबर हवा होता.

पहाटे कुंडावर गेलो. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, कडेला शाम्पूच्या पुड्या पडलेल्या. पाणी सोसेना, पप्पा पाय सोडून बसले. नंतर तिथल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, धर्मशाळा कुठं होती? त्यानं हात केला. आता तिथे गाड्या लावतात. वड मात्र होता, त्याला सिमेंटचा पार बांधलेला. पप्पा जाऊन पारावर बसले, थोड्या वेळानं आडवे झाले. आई म्हणाली, उठा, लोक बघतायत. ते उठले नाहीत.

निघताना त्यांनी पिशवीतून आज्जाचा तांब्या काढला आणि कुंडातून भरून घेतला. आईनं तो मांडीवर उभा धरला. कुंभार्ली चढून कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा तिनं बोट बुडवून बघितलं. पाणी गार झालं होतं.