सातबाऱ्यावरची लेखणी

‘सातबारा’ हा शब्द आमच्या मनोरला पोरासोरांच्याही तोंडी आहे. पण हे सात कोणते आणि बारा कोणते, असे वर्गात विचारले की मुले एकमेकांकडे पाहू लागतात. गावच्या दफ्तरातला नमुना सात म्हणजे जमीन कोणाची याची नोंद, आणि नमुना बारा म्हणजे तीत काय पिकले याची. दोन्ही एका कागदावर आले, तोच सातबारा.

राज्यकर्त्यांना अशा नोंदींची गरज जुनीच. मलिक अंबराने जमीनधारा बांधला, शिवछत्रपतींच्या काळी अण्णाजी दत्तोंनी काठीने शेते मोजविली, इंग्रजांनी १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा केला. राज्ये बदलली, लेखणी मात्र घाटावर बहुधा कुळकर्ण्याच्या कानावर आणि आमच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तलाठ्याच्या हाती राहिली. ज्याच्या घामाने भात पिके, त्या वारल्याच्या हाती ती कधीच नव्हती.

१९४५ साली तलासरीकडच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ नाकारली. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणारे कूळ त्या दिवशी मालक मानले गेले. कायदा उदार होता खरा, पण कूळ कोण हे ठरविताना कागद पाहिला जाई. वर्षानुवर्षे नांगर धरला आणि दफ्तरात नाव चढले नाही, असा माणूस तेथे काय दाखविणार? हाताचे घट्टे पुराव्यात धरत नाहीत!

आता दफ्तर यंत्रात गेले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला आणि सजाच्या खेपा वाचल्या. पण मला मोठी वाटते ती गोष्ट १५ ऑगस्ट २०२१ ची. त्या दिवशी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. खातेदाराने आपल्या शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र काढायचे आणि बारा नंबरची नोंद स्वतः करायची! पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या हाती असलेली लेखणी निदान अर्धी तरी बांधावर आली.

अर्धीच म्हणतो, कारण डोंगरपाड्यांवर रेंज मिळत नाही. आजोबांना अक्षरओळख नसते, म्हणून सातवीतला नातू फोन धरून चिखलात उभा राहतो. आणि सात नंबरात ज्याचे नाव नाही, त्याला यंत्रही ओळखत नाही. चूक बोरूने लिहिली काय किंवा यंत्राने छापली काय, चूक ती चूकच.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाची ताटे उचलली गेली की घरचा उतारा काढून मोठ्याने वाचा. वारसांच्या नोंदीत आईचे नाव आहे का? भाऊबीजेला ओवाळायला आलेल्या बहिणीचे आहे का? राहून गेले असेल, तर ते यंत्र आपणहून घालणार नाही. ते आपणच सांगायला हवे.