हाकणाऱ्याला कोणी विचारले?

हिरव्या पाटीची मोटार गल्लीत येऊन उभी राहिली की शेजारीपाजारी गोळा होतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एकदा भरली की किती जाते?" किंमत, रंग, आतला चकचकीत पडदा, हे सारे मागाहून. आपल्याकडे विजेच्या गाड्यांना हिरवी पाटी मिळू लागली ती 2018 सालापासून. त्यामुळे हा प्रश्नही कालपरवाचाच असावा असे वाटते. पण तो सव्वाशे वर्षांचा म्हातारा आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो. मोटारीच्या धड्यात मुले शोधकांची नावे धडाधड पाठ म्हणतात. गाडी रोज हाकणाऱ्याचे नाव त्या धड्यात येत नाही. कोणती गाडी जगली आणि कोणती मेली याचा निकाल पुष्कळदा त्यानेच दिला, आणि एकदा तर त्याचा निकाल ऐकूनही घेतला गेला नाही. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

1900 साली अमेरिकेत 4,192 मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या 1,681, विजेच्या 1,575 आणि पेट्रोलच्या अवघ्या 936! आदल्याच वर्षी पॅरिसजवळ कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ताशी 105 किलोमीटरवर वेग नेला होता, आणि शंभराची वेस ओलांडणारी ती पहिली मोटार विजेची होती. त्याहीपूर्वी, 1897 साली, लंडनच्या रस्त्यांवर विजेच्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या. त्यांच्या गुणगुणण्यावरून लोकांनी त्यांना 'हमिंगबर्ड' असे लाडके नाव दिले. दारू पिऊन मोटार हाकल्याबद्दल पकडला गेलेला पहिला इसम म्हणून ज्याची नोंद सापडते, तो याच गाडीचा शोफर. यंत्र बदलले म्हणून माणूस थोडाच बदलतो!

त्या काळी मोटार हाकणे म्हणजे काय होते, हे ज्यांनी हँडल मारून सुरू होणारे जुने खटारे पाहिले आहेत त्यांनाच कळेल. वाफेच्या गाडीत आधी पाणी तापायची वाट पाहायची. पेट्रोलच्या गाडीपुढे वाकून लोखंडी हँडल फिरवायचे; एंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. वर धूर, वास, खडखडाट आणि गिअरची झटापट. विजेच्या गाडीत यातले काही नाही. बसावे, एक दांडी पुढे करावी, की गाडी निमूट चालू लागे. डॉक्टरांना ती आवडली, कारण रात्री-अपरात्री रोग्याकडे जाताना हँडलशी कुस्ती नको. स्त्रियांना तर फारच आवडली. कित्येक गाड्यांत चाकाऐवजी दांडीचेच सुकाणू असे, आतली बैठक दिवाणखान्यासारखी, कोठे फुलदाणीसुद्धा! ज्या हेन्री फोर्डने पेट्रोलची मोटार घराघरांत नेली, त्याची पत्नी क्लारा स्वतः मात्र 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेची गाडी हाकीत असे. या एका गोष्टीत मला त्या काळाचा अर्धा इतिहास दिसतो.

मग ही गाडी मेली कशी? यंत्र वाईट होते म्हणून ती मेली नाही. हाकणाऱ्याचा रस्ता लांबला. गावातल्या गावात हिंडण्यापुरती बॅटरी पुरत होती, पण चांगले रस्ते एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ लागले आणि सुट्टीला दूर जायची हौस आली, तेव्हा "मध्येच थांबली तर?" ही धास्ती वाढली. 1901 च्या जानेवारीत टेक्सासात तेलाचे प्रचंड कारंजे उसळले. पेट्रोलचा डबा वाण्याच्या दुकानातही मिळे, वीज मात्र खेड्यात नव्हती. 1935 सालीसुद्धा अमेरिकेतल्या दहांपैकी सुमारे नऊ शेतघरांत विजेचा दिवा नव्हता. आपल्या मुंबईत 1907 पासून 1964 पर्यंत विजेची ट्राम धावली, पण तिच्या डोक्यावर तार होती. मोटारीला आपली वीज आपणच पखालीसारखी वाहून न्यायची होती.

शेवटचा घाव मोठा गमतीचा बसला. चार्ल्स केटरिंगने 1912 च्या कॅडिलॅक गाडीत एक छोटी बॅटरी आणि विजेची मोटर बसवली. बटण दाबले की एंजिन सुरू! हँडल गेले. म्हणजे पेट्रोलच्या गाडीने विजेच्या गाडीचाच गुण उसना घेतला आणि तिला घराबाहेर काढले. त्यात किमतीचा फरक. 1925 साली फोर्डची साधी गाडी 260 डॉलरना मिळे, विजेची कितीतरी पट महाग. शिवाय कारखानदारांनीच तिला 'बायकांची गाडी' म्हणून मिरवले होते. मग पुरुष गिऱ्हाईक ती घ्यायला लाजू लागला तर नवल काय?

दोन्ही एंजिने एकाच गाडीत घालण्याची युक्तीही तेव्हाच निघाली. 1916-17 साली 'वूड्स ड्युअल पॉवर' नावाची गाडी बाजारात आली आणि महाग व मंद म्हणून लगेच बुडाली. दोन घरचा पाहुणा उपाशी! पुढे 1997 च्या डिसेंबरात जपानात टोयोटाची 'प्रियस' आली तेव्हा मात्र पाहुणा दोन्ही घरी जेवला. हाकणाऱ्याने नवे काहीच शिकायचे नव्हते. पेट्रोल भरायचे, ब्रेक लावला की थोडी वीज आपोआप साठायची. जगभरच्या टॅक्सीवाल्यांनी ती उचलली, ती काही जग वाचवायला नव्हे. त्यांनी दिवसाअखेर पेट्रोलचा खर्च वजा करून पाहिला, इतकेच.

आता ती न ऐकलेली फिर्याद. 1990 साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की मोठ्या कारखानदारांनी काही टक्के गाड्या तरी धूर न सोडणाऱ्या विकल्या पाहिजेत. जनरल मोटर्सने 1996 साली 'ईव्ही-वन' ही गाडी आणली. एकंदर 1,117 गाड्या झाल्या. विकली एकही नाही, साऱ्या भाडेपट्ट्याने दिल्या. ज्यांना मिळाली ते तिच्यावर लट्टू झाले. रोज कामावर जायचे, परत यायचे, रात्री घरी भरायला लावायची, त्यांच्या लेखी "किती जाते?" या प्रश्नाचे उत्तर "मला पुरते तितके" असे होते. पण कायदा सैल झाला आणि कंपनीने गाड्या परत मागवल्या. गिऱ्हाइके थोडी, सुटे भाग मिळणार नाहीत, जबाबदारी कोण घेणार, असे तिचे म्हणणे. ते अगदीच खोटे होते असे मी म्हणणार नाही. तरी हाकणाऱ्यांनी 2003 साली हॉलिवूडच्या एका स्मशानभूमीत आपल्या गाडीची लटकी अंत्ययात्रा काढली. 2005 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बरबँक येथे 78 गाड्या कुंपणाआड उभ्या होत्या, तेथे लोक अठ्ठावीस दिवस रात्रंदिवस पहाऱ्याला बसले. एकेका गाडीला 24,000 डॉलर, म्हणजे एकूण सुमारे 19 लाख डॉलर, द्यायची त्यांची तयारी होती. कंपनीने घेतले नाहीत. ट्रक आले आणि गाड्या गेल्या. बहुतेकांचा चुरा झाला. थोड्या संग्रहालयांना मिळाल्या, त्याही चालू नयेत अशा करून. पैसे पुढे करणाऱ्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याने हात जोडून परत पाठवल्याचे असे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात विरळाच!

आता तर हाकणाराच नको, असे चालले आहे. 2004 साली मोहावेच्या वाळवंटात बिनसारथ्याच्या गाड्यांची शर्यत लागली. सुमारे 228 किलोमीटरांपैकी सर्वांत पुढची गाडी जेमतेम बारा किलोमीटर गेली. दुसऱ्याच वर्षीच्या शर्यतीत पाच गाड्यांनी वाट पुरी केली! विद्या वेगाने वाढली, यात शंका नाही. पण हाकणाऱ्याचा प्रश्न बदलला. पूर्वी तो विचारी, "पोहोचेल ना?" आता तो विचारतो, "काही झाले तर दोष कोणाचा?" मार्च 2018 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी गावी अशा चाचणीच्या गाडीखाली सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक बाई ठार झाली. चाकामागे देखरेखीला एक बाई बसलेली होती, तिची नजर फोनवर. गाडी यंत्र हाकीत होते. न्यायालयापुढे गुन्हा कबूल करावा लागला तो देखरेख करणाऱ्या बाईंना, 2023 साली.

त्याच 2023 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को शहरात अशा रिकाम्या टॅक्स्या मोकळ्या सोडण्याचा विचार चालला होता. विरोध करणाऱ्या काही मंडळींनी एक युक्ती काढली. रस्ता दुरुस्तीच्या वेळी ठेवतात तो नारिंगी शंकू उचलायचा आणि गाडीच्या नाकावर ठेवून द्यायचा. गाडी जागच्या जागी थांबे आणि दिवे मिचकावीत उभी राही. खाली उतरून तो शंकू बाजूला करायला आत कोणी नव्हते.